फर्मेंटर वाढवण्याआधी यीस्टचा हिशेब मांडा : सांगली-साताऱ्यातील साखर कारखान्यांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य,
सांगली व सातारा जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखाने

विषय : डिस्टिलरीच्या पुढील विस्तारापूर्वी सूक्ष्मजीवांच्या संगणकीय प्रतिमानांचा उपयोग करून घेण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

पलूस तालुक्यातील ऊस उत्पादक सभासद आणि सांगलीत पदवीच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारा अध्यापक, अशा दोन्ही नात्यांनी मी हे पत्र लिहीत आहे. पत्र एका कारखान्याला उद्देशून नाही. कृष्णा आणि वारणेच्या काठावरच्या ज्या ज्या कारखान्याला स्वतःची डिस्टिलरी आहे, किंवा ती उभारण्याचा ठराव ज्यांच्या विषयपत्रिकेवर आहे, त्या सर्वांसाठी ते आहे.

अलीकडच्या वार्षिक अहवालांत डिस्टिलरीच्या क्षमतेचा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो : दिवसाला इतके हजार लिटर होते, आता इतके हजार लिटर होणार. इथेनॉलमुळे पैसा लवकर हातात येतो आणि उसाच्या बिलांना त्याचा आधार झाला, हे सभासद म्हणून मला मान्यच आहे. परंतु ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने त्या वर्षीच्या पुरवठ्यासाठी उसाचा रस आणि सिरप यांपासून इथेनॉल तयार करण्यास एका आदेशाने मनाई केली, तेव्हा नव्या यंत्रसामग्रीवर घेतलेल्या कर्जाचे हप्ते कशातून फेडायचे, हा प्रश्न रातोरात उभा राहिला. निर्बंध पुढे सैल झाले आणि २०२४-२५ साठी उठवलेही गेले. तरीही सगळी साखर एकाच मालात ओतायची आणि त्या मालाचा दर, मागणी आणि परवानगी तिन्ही दिल्लीने ठरवायची, ही रचना किती नाजूक आहे, हे त्या आठवड्याने दाखवून दिले.

यावर उत्तर म्हणून लॅक्टिक आम्ल, सक्सिनिक आम्ल, लायसिन, जैवप्लॅस्टिक अशी नावे आता सभांमधून ऐकू येऊ लागली आहेत आणि ती पोकळ नाहीत. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायोई३’ धोरणाला मंजुरी दिली. त्याच वर्षी प्राज इंडस्ट्रीजने जेजुरीत जैवप्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, आणि उत्तर प्रदेशातील बलरामपूर चिनी मिल्सने पॉलिलॅक्टिक आम्लाच्या (हेही एक जैवप्लॅस्टिक) मोठ्या कारखान्याची घोषणा केली. म्हणजे आज ना उद्या आपल्याही टेबलावर असे प्रस्ताव येणार, सल्लागार येणार, परदेशी कंपनीचे सूक्ष्मजीव परवान्यावर घेण्याचे करार येणार. त्या वेळी समोरचा सांगतो ते तपासून पाहण्याची कुवत आपल्या घरात असावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. माझी मागणी थोडक्यात अशी : टाक्यांवर कोट्यवधी रुपये घालण्याआधी, त्या टाक्यांत जो जीव काम करणार आहे (उदा. साखरेचे इथेनॉल करणारे यीस्ट) त्याच्या पोटातला हिशेब संगणकावर मांडणारी तीन-चार माणसे दोन्ही जिल्ह्यांतील कारखान्यांनी मिळून नेमावीत आणि आपल्या डिस्टिलऱ्यांच्या नोंदी त्यांच्या हाती द्याव्यात.

हा हिशेब कसला, ते आपल्याच कारखान्यातील एका कागदावरून सांगतो. हंगामाअखेर आपले चीफ केमिस्ट आर. टी. ८ (सी) अहवाल तयार करतात. उसातून साखर किती आली, त्यातली पोत्यांत किती गेली, बगॅस (चिपाड), प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि मोलॅसिसमध्ये (मळीत) किती गेली, आणि कशातच न सापडलेली अज्ञात घट किती. आत आलेले आणि बाहेर गेलेले जुळलेच पाहिजे. जुळत नसेल तर कुठेतरी पंप गळतो आहे किंवा कुणाची तरी नोंद चुकली आहे. सूक्ष्मजीवाच्या पेशीचाही असाच ताळेबंद मांडता येतो. फरक इतकाच की कारखान्यात साखरेला जायच्या वाटा चार-पाच असतात आणि पेशीत त्या हजारोंनी असतात. एकेक वाट म्हणजे एकेक रासायनिक अभिक्रिया, आणि ती घडवणारे विकर (एन्झाइम) कोणत्या जनुकावरून तयार होते हे जनुकक्रमावरून बरेचसे कळते. यीस्टचा संपूर्ण जनुकक्रम १९९६ मध्ये आणि ई. कोलाय या जीवाणूचा १९९७ मध्ये हाती आला. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो येथील बर्नहार्ड पाल्सन आणि इतर संशोधकांनी या अभिक्रियांचे तक्ते, म्हणजेच पेशीची संगणकीय प्रतिमाने (मॉडेल), बांधायला घेतली. ई. कोलायचे पहिले जनुकव्यापी प्रतिमान २००० साली आणि यीस्टचे २००३ साली प्रसिद्ध झाले. ई. कोलायच्या २०१७ च्या प्रतिमानात १,५१५ जनुके आणि २,७१९ अभिक्रिया आहेत.

तक्ता तयार झाला की नियम एकच लावायचा : पेशीच्या आत कोणताही मधला पदार्थ साचत नाही, जितका तयार होतो तितकाच खर्ची पडतो. एवढ्या अटीतून प्रत्येक पदार्थाचे एकेक समीकरण मिळते. अभिक्रियांची संख्या समीकरणांपेक्षा जास्त असल्याने उत्तरे मात्र असंख्य निघतात. त्यांतले कोणते घ्यायचे, यासाठी असे गृहीत धरले जाते की पेशी मिळालेल्या साखरेतून स्वतःची जास्तीत जास्त वाढ करू पाहते. पुढचे काम रेषीय नियोजनाच्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादांत सर्वांत चांगले उत्तर शोधण्याच्या, गणिताचे. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली ही रीत अभियांत्रिकीच्या मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकवली जाते आणि मालवाहतुकीचे वेळापत्रक आखायलाही तीच वापरतात. संपूर्ण यीस्टचे असे एक गणित साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत सुटते. त्यासाठी लागणारे ‘कोब्रापाय’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि यीस्ट, ई. कोलाय, कॉरिनेबॅक्टेरियम यांसारख्या उद्योगातील महत्त्वाच्या जीवांची प्रतिमानेही विनामूल्य उतरवून घेता येतात. इतक्या स्वस्तात इतके उपयोगी पडणारे दुसरे साधन आमच्या विषयात मला माहीत नाही.

वर्गात हे दाखवताना मी मुद्दाम डिस्टिलरीचेच उदाहरण घेतो. यीस्टचे प्रतिमान उघडायचे. ग्लुकोज घेण्याची मर्यादा, यीस्टच्या एका ग्रॅम कोरड्या वजनामागे तासाला १० मिलिमोल, अशी ठरवायची आणि फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या टाकीत) हवा नसते म्हणून ऑक्सिजन शून्य करायचा. मुलांची अपेक्षा असते की आता भरपूर इथेनॉल दिसेल. पडद्यावर उत्तर येते : वाढ शून्य. कुणी म्हणते सॉफ्टवेअर बिघडले, कुणी आकडे पुन्हा भरून पाहते. मग बिनवाढीचे कारण शोधत मागे जायचे, आणि शेवटी सापडते ते असे की यीस्टच्या पेशीच्या आवरणाला लागणारे अर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले तयार करायला थोडासा ऑक्सिजन लागतोच. हे दोन पदार्थ माध्यमात बाहेरून दिल्याचे लिहिले की वाढ सुरू होते, इथेनॉल दिसू लागते आणि यादीत खाली न मागता ग्लिसरॉल हा उपपदार्थही येऊन बसतो. आपल्या डिस्टिलरीत यीस्ट वाढवण्याच्या टाकीत हवा का सोडतात, हे तिथल्या ऑपरेटरला अनुभवाने ठाऊक असते. तेच कारण इथे नुसत्या बेरीज-वजाबाकीतून बाहेर पडते.

त्या ग्लिसरॉलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपला पैसा तिथे गळतो. गे-ल्यूसॅकच्या समीकरणानुसार १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल मिळायला हवे, म्हणजे वजनाच्या ५१.१ टक्के. प्रत्यक्षात ते कधीच पूर्ण मिळत नाही. काही साखर यीस्टच्या शरीरात जाते आणि काही ग्लिसरॉलमध्ये व काही आम्लांत, हे पाश्चरनेच दाखवून दिले होते. यीस्ट ग्लिसरॉल का करते? साखरेपासून प्रथिने आणि पेशीचे इतर भाग बांधताना एनएडीएच नावाचा, इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू शिल्लक उरतो. हवा असती तर तो श्वसनात खपला असता. हवा नसल्यामुळे त्याची विल्हेवाट लावण्याचा मार्ग म्हणून पेशी साखरेचा काही भाग ग्लिसरॉलमध्ये वळवते. म्हणजे ही नासाडी यीस्टच्या आळसामुळे होत नाही. ताळेबंद जुळवण्याची ती किंमत आहे. म्हणून ग्लिसरॉल तयार करणारी जनुके सरळ काढून टाकली तर हवेशिवाय यीस्ट वाढेनासेच होते. जुळणी दुसऱ्या कुठल्या वाटेने करता येईल का, असा प्रश्न मग उरतो, आणि तो प्रतिमानाला विचारण्याजोगा आहे.

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील जेन्स नील्सन यांच्या गटाने तो विचारला. यीस्टमध्ये नसलेल्या, पण इतर जीवांत आढळणाऱ्या अभिक्रिया एकेक करून प्रतिमानात घालून पाहिल्या, आणि ज्यांच्यामुळे ग्लिसरॉल कमी व इथेनॉल जास्त निघते त्या निवडल्या. त्यांतली एक अभिक्रिया घडवणारे जनुक त्यांनी दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या जीवाणूतून उचलून यीस्टमध्ये घातले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ग्लिसरॉल ४० टक्क्यांनी घटले, इथेनॉल ३ टक्क्यांनी वाढले आणि यीस्टच्या वाढीचा वेग जसाच्या तसा राहिला. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. समजा एखादी डिस्टिलरी दिवसाला ६०,००० लिटर काढत असेल, तर तेवढ्याच मोलॅसिसमधून, तेवढ्याच टाक्यांतून रोज १,८०० लिटर जास्त, असा त्याचा अर्थ होतो. प्रयोगशाळेतील शुद्ध ग्लुकोजवरचा निकाल आपल्या मोलॅसिसवर जसाच्या तसा उतरेल, असे मी म्हणणार नाही. पण उताऱ्याच्या शतांश टक्क्यासाठी गिरणीच्या रोलरची फट बदलणारे आपण, डिस्टिलरीत मात्र यीस्टची पाकिटे विकत आणतो, टाकीत टाकतो आणि जे निघेल ते नशीब म्हणतो.

दुसरे उदाहरण लायसिनचे. विटा-खानापूर भागातील कुक्कुटपालकांना या अमिनो आम्लाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. मका आणि सोयापेंडीच्या खाद्यात ते वरून घालावे लागते. कॉरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम हा मातीतला जीवाणू साखरेपासून ते तयार करतो आणि उसाचे मोलॅसिस त्याला चालते. जपानमध्ये गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकापासून हा उद्योग आहे. तेव्हाची रीत अशी की जीवाणूंवर रसायनांचा किंवा अतिनील किरणांचा मारा करायचा, हजारो वसाहतींतून जास्त लायसिन देणारी निवडायची, तिच्यावर पुन्हा मारा करायचा. त्यातून उत्पादन वाढले, पण नको असलेले असंख्य बदलही त्या जीवाणूत साठत गेले. तो अशक्त झाला, हळू वाढू लागला, आणि नेमक्या कोणत्या बदलामुळे फायदा झाला ते कोणालाच सांगता येईना.

जर्मनीतील ख्रिस्तोफ विटमन यांच्या गटाने उलट बाजूने सुरुवात केली. रानटी जीवाणू घेतला, त्याच्या अभिक्रियांच्या जाळ्याचे गणित करून जास्तीत जास्त लायसिन कोणत्या वाटेने निघेल ते काढले, आणि त्या वाटेशी आजची वाट ताडून पाहिली. गणित सांगत होते की एका लायसिनमागे एनएडीपीएचचे (एनएडीएचसारखाच, पण नवे पदार्थ बांधताना लागणारा वाहक) चार रेणू लागतात, तेव्हा साखरेचा मोठा हिस्सा हा रेणू तयार करणाऱ्या पेंटोज फॉस्फेट मार्गाने वळवायला हवा. लायसिनचा सांगाडा ज्यापासून बनतो त्या ऑक्झॅलोॲसिटेटचा पुरवठा वाढवायला हवा. आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने साखर जाळून टाकणारे चक्र थोडे मंदावायला हवे. हे शेवटचे काम त्यांनी एका जनुकाच्या आरंभीचे एकच अक्षर बदलून केले. असे मोजून-मापून केलेले बारा बदल झाल्यावर जीवाणूने लिटरला १२० ग्रॅम लायसिन दिले, १०० ग्रॅम ग्लुकोजमागे ५५ ग्रॅम. हा निकाल २०११ मधला आहे. दशकानुदशकांच्या चाचपडण्यातून हाती आलेल्या औद्योगिक वाणांच्या तोडीचे काम बारा नेमक्या बदलांनी झाले, आणि प्रत्येक बदलाचे कारण कागदावर लिहिलेले होते.

निसर्गात कोणताही जीव जे रसायन करत नाही तेही या रीतीने शक्य झाले आहे. १,४-ब्यूटेनडायॉल हे प्लॅस्टिक आणि स्पॅन्डेक्स धाग्यासाठी लागणारे, एरवी खनिज तेल वा वायूपासून होणारे रसायन घ्या. जेनोमॅटिका या अमेरिकी कंपनीने त्याच्याकडे जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक संभाव्य वाटा संगणकावर मांडल्या, त्यांतली एक निवडली आणि ई. कोलायमध्ये बसवली. जीवाणू साखर इतर आम्लांत वाया घालवणार नाही, यासाठी कोणती जनुके काढायची तेही प्रतिमानावरच ठरले. १,५१५ जनुकांतून कोणतीही दोन काढायची म्हटली तर साडेअकरा लाखांच्या घरात जोड्या होतात आणि तीन काढायची म्हटली तर ५७ कोटींहून अधिक. प्रयोगशाळेत हे कोणी करू शकणार नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील कोस्तास मारानास यांच्या गटाने मांडलेली ‘ऑप्टनॉक’ ही पद्धत अशा निवडी गणिताने करते, आणि तिच्या मुळाशी एक चलाख विचार आहे : जनुके अशी काढायची की आपल्याला हवे ते रसायन बाहेर टाकल्याखेरीज जीवाणूला वाढताच येऊ नये. मग तो जितका वाढेल तितका आपला माल तयार होईल. २०१६ मध्ये इटलीतील आद्रियाजवळ नोव्हामॉन्ट कंपनीने वर्षाला ३०,००० टन क्षमतेचा ब्यूटेनडायॉलचा कारखाना याच जीवाणूवर सुरू केला.

हे वाचून कोणी उद्याच ठराव मांडू नये, म्हणून एक उलटे उदाहरणही देतो. सक्सिनिक आम्लाचा ताळेबंद मोठा आकर्षक आहे. ग्लुकोजचे ७ रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू यांपासून सक्सिनिक आम्लाचे १२ रेणू होऊ शकतात. म्हणजे १०० किलो साखरेपासून तत्त्वतः ११२ किलो माल, आणि वर आपली डिस्टिलरी जो वायू आकाशात सोडते तोच इथे कच्चा माल. कोरियातील संशोधकांनी गाईच्या पोटातून वेगळ्या केलेल्या मॅनहाइमिया जीवाणूचे प्रतिमान बांधून या दिशेने सुरेख काम केले आहे. तरीही कॅनडात सार्निया येथे २०१५ मध्ये सक्सिनिक आम्लाचा मोठा कारखाना सुरू करणारी बायोॲम्बर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. जीवशास्त्र जमले होते. बाजार जमला नाही. खनिज तेलापासून होणाऱ्या मालाशी दरात टक्कर देताना असे प्रकल्प कोलमडतात. प्रतिमान बाजारभाव सांगत नाही. मात्र साखरेमागे जास्तीत जास्त किती माल निघू शकतो याची वरची मर्यादा ते आधी सांगते, आणि त्या मर्यादेवर, आजच्या दराने, हात आखडता घ्यायचा की नाही हे एका दुपारच्या बैठकीत ठरवता येते. माझ्या मते संचालकांच्या दृष्टीने या विद्येचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे : दहा प्रस्तावांपैकी आठांना सुरुवातीलाच, कारणासह, नाही म्हणता येणे.

प्रतिमानाला काय जमत नाही, तेही आपल्याला आधीच माहीत असलेले बरे. ई. कोलायचे कोणते जनुक काढले तर ते जगेल किंवा मरेल, याचा अंदाज २०१७ चे प्रतिमान ९० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर सांगते; पण किती वेगाने, किती तीव्रतेपर्यंत आणि किती तासांत, या प्रश्नांवर साधे प्रतिमान मूक असते. जनुकांची चालू-बंद होण्याची शिस्त त्यात नसते. आपल्या मोलॅसिसमधील पोटॅशियम, कॅल्शियम, रंगद्रव्ये, अपायकारक आम्ले यांचा यीस्टवर पडणारा ताण त्यात आपोआप येत नाही. मघाशी ज्याला नासाडी म्हटले ते ग्लिसरॉल दाट वॉशमध्ये (टाकीतल्या आंबवण्याच्या द्रवात) पेशीतले पाणी टिकवून यीस्टला वाचवतेही, हे ताळेबंदात कुठे दिसणार? यातले काही घालता येते. उदाहरणार्थ, ॲसिटिक आम्ल पेशीत शिरले की ते बाहेर काढायला ऊर्जा खर्च होते; तेवढा जादा खर्च प्रतिमानाच्या देखभाल-ऊर्जेत, म्हणजे पेशीला नुसते जगायला लागणाऱ्या ऊर्जेत, धरला तर इथेनॉलचे आणि वाढीचे आकडे प्रत्यक्षाच्या जवळ येतात. पण तो खर्च किती धरायचा, हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. ते आपल्याच टाकीतून मोजावे लागेल.

आणि इथेच आपली खरी उणीव आहे. सॉफ्टवेअर फुकट आहे, प्रतिमाने फुकट आहेत, रेषीय नियोजन शिकलेली मुले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि राजारामनगरच्या संस्थेतून दर वर्षी बाहेर पडतात, सूक्ष्मजीवशास्त्राची मुले सांगली-साताऱ्याच्या महाविद्यालयांतून आणि शिवाजी विद्यापीठातून. नाहीत त्या नोंदी. म्हणजे नोंदी होतात, पण शिफ्ट केमिस्टच्या लॉगबुकात, शाईने, आणि हंगाम संपला की ती वही कपाटात जाते. ब्रिक्स (विरघळलेल्या घनपदार्थांचे प्रमाण), तापमान, पीएच, अल्कोहोलची टक्केवारी, शिल्लक साखर एवढे बहुधा असते. ग्लिसरॉल, ॲसिटिक, लॅक्टिक आणि सक्सिनिक आम्ल बहुतेक ठिकाणी कोणी मोजतच नाही. ही सगळी मोजणी करणारे, मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारे एचपीएलसी यंत्र एखाद्या अध्यक्षांच्या वापरातल्या मोटारीच्या किमतीत येते, आणि दोन-तीन कारखान्यांनी मिळून घेतले तर कुणालाच जड जाऊ नये. या मोजण्याशिवाय प्रतिमान म्हणजे परदेशातल्या शुद्ध ग्लुकोजवरच्या यीस्टचे चित्र. मोजण्यासह ते आपल्या बी-हेवी (अजून बरीच साखर उरलेल्या) मोलॅसिसवरच्या, एप्रिलच्या उन्हात तापलेल्या टाकीतल्या यीस्टचे होते.

तेव्हा पहिल्या हंगामात नवे रसायन नको, नवा जीवाणू नको. लॉगबुके संगणकावर उतरवून घ्यावीत, प्रत्येक फर्मेंटरचे ठरावीक तासांनी घेतलेले नमुने तपासावेत, आणि साखरेचा ताळेबंद डिस्टिलरीतही आर. टी. ८ (सी) सारखाच बंद करून दाखवावा. अज्ञात घट कुठे आहे ती यातच दिसेल. सोबत आपल्या टाक्यांत, पाइपांत आणि मोलॅसिसच्या साठ्यांत वर्षानुवर्षे तग धरून असलेली रानटी यीस्ट वेगळी करून जपावीत. ब्राझीलमधील डिस्टिलऱ्यांना हा धडा अनुभवाने मिळाला : बाहेरून आणलेल्या बेकरी यीस्टला स्थानिक यीस्ट काही आठवड्यांत हुसकावून लावत होते, म्हणून त्यांनी त्या स्थानिकांतूनच पीई-२ सारखी कणखर वाणे निवडली आणि आज तिथला मोठा उद्योग त्यांवर चालतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. ओळख पटवण्यासाठी, जतनासाठी आणि सल्ल्यासाठी दूर जायला नको.

जनुकीय बदल केलेले यीस्ट किंवा जीवाणू वापरायचे ठरलेच, तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार संस्थात्मक जैवसुरक्षा समिती नेमावी लागते आणि पुढच्या परवानग्या घ्याव्या लागतात. आपल्याकडे स्पेंट वॉश (अल्कोहोल काढून घेतल्यावर उरणारे सांडपाणी) प्रेसमडमध्ये मिसळून त्याचे खत शेतात जाते, हे लक्षात घेता या बाबतीत कसलीही ढिलाई चालणार नाही आणि सभासदांपासून काही लपवलेलेही चालणार नाही. परंतु प्रतिमानाचा उपयोग जनुकीय बदलांपुरताच आहे, हा समज चुकीचा आहे. नत्र कोणत्या रूपात द्यावे, हवा किती वेळ सोडावी, साखर एकदम द्यावी की थोडी थोडी, स्थानिक वाणांपैकी कोणते कशासाठी निवडावे, या प्रश्नांनाही तेच गणित लागते आणि तिथे कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही.

हे काम एकेकट्या कारखान्याने करू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. एका डिस्टिलरीच्या एका हंगामाच्या नोंदी थोड्या पडतात. कऱ्हाडपासून मिरजेपर्यंतच्या सगळ्यांच्या मिळून त्या देशातल्या कुठल्याही खासगी कंपनीला हेवा वाटावा अशा होतील. स्पर्धेची भीती मी समजू शकतो. निवडणुकीत समोरासमोर उभे राहणारे लोक या मंडळांवर आहेत, हेही सर्वांना माहीत आहे. पण आपल्यात उसासाठी स्पर्धा आहे, यीस्टसाठी नाही, आणि शेजारच्या कारखान्याला आपल्या वॉशमधले ग्लिसरॉल कळल्याने आपला एक टनही ऊस तिकडे जाणार नाही. नोंदींवरचे कारखान्याचे नाव काढून त्या एकत्र ठेवता येतील. गटाचा पगार गाळपाच्या प्रमाणात वाटून घेता येईल; केंद्राच्या बायरॅकसारख्या, जैवतंत्रज्ञानाला साहाय्य करणाऱ्या संस्थांकडे निधीसाठी अर्ज करता येईल, आणि असे अर्ज एकट्या महाविद्यालयापेक्षा उद्योगाच्या सहभागाने गेले तर त्यांना वजन येते.

सल्लागार कंपनी हे सगळे करून देईल, असे एखादे संचालक म्हणतील. करून देईलही. पण अहवाल देऊन ती निघून जाते आणि पुढच्या हंगामात मोलॅसिस बदलले की पुन्हा तिचेच दार ठोठवावे लागते. ज्याला आपले मोलॅसिस, आपले पाणी आणि आपल्या टाक्या ठाऊक आहेत असा माणूस घरचाच असावा लागतो. उसाच्या बाबतीत आपण शेती अधिकारी, चिटबॉय, ऊस विकास विभाग असे सगळे घरचे ठेवतो, ते याच कारणासाठी.

येत्या सप्टेंबरअखेर आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतील. प्रत्येक कारखान्याने आपला डिस्टिलरी मॅनेजर आणि एक संचालक अशी दोन नावे संयुक्त बैठकीसाठी कळवावीत आणि गेल्या तीन हंगामांची डिस्टिलरीची लॉगबुके प्रतींसाठी उपलब्ध करून द्यावीत, एवढा ठराव त्या सभेत व्हावा, अशी विनंती आहे. नोंदी संगणकावर उतरवण्याचे आणि यीस्टच्या प्रतिमानात पहिले आकडे घालून पाहण्याचे काम माझे विद्यार्थी आणि मी पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत विनामोबदला करू. त्यातून जे निघेल ते, चांगले असो वा गैरसोयीचे, सर्व कारखान्यांना एकाच दिवशी लेखी दिले जाईल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक ऊस उत्पादक सभासद व सूक्ष्मजीवशास्त्राचा अध्यापक,
ता. पलूस, जि. सांगली